जुनी पेन्शन आणि विभागलेला मध्यमवर्ग

राजकीय पक्षांच्या आर्थिक धोरणाचा मध्यमवर्गीय घरावर सर्वांत खोल परिणाम होतो तो म्हातारपणाच्या उत्पन्नाच्या बाबतीत. प्राप्तिकराची मर्यादा पुढच्या अर्थसंकल्पात बदलू शकते. निवृत्तिवेतनाचा नियम मात्र एकदा बदलला की त्याची फळे एका अख्ख्या पिढीला भोगावी लागतात.

जुन्या योजनेत सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी काहीच कापले जात नसे. निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता मिळे. वाजपेयी सरकारने 1 जानेवारी 2004 पासून लष्कर वगळता नव्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ही पद्धत बंद केली. महाराष्ट्रात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार असताना 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख ठरली. म्हणजे या बदलावर दोन्ही बाजूंचे एकमत होते.

नव्या योजनेत मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के रक्कम पगारातून कापली जाते, सरकार आपला हिस्सा घालते आणि हा पैसा रोखे व शेअर बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेतील किमान 40 टक्के वार्षिकीत ठेवावे लागतात. पेन्शन किती मिळणार, हे त्या साठ्यावर आणि त्या वेळच्या दरांवर ठरते. पूर्वी सरकारने पेललेली जोखीम अशी कर्मचाऱ्याकडे आली. एकाच शाळेत ऑक्टोबर 2005 मध्ये रुजू झालेल्या शिक्षकाला निश्चित पेन्शन आणि डिसेंबरमध्ये आलेल्याला बाजाराधीन पेन्शन, ही तफावत कर्मचाऱ्यांना सलणे स्वाभाविक होते.

ही पिढी निवृत्तीकडे झुकू लागली तसा प्रश्न मतपेटीत उतरला. 2022 मध्ये हिमाचल प्रदेशात काँग्रेसने जुन्या पेन्शनचे आश्वासन दिले आणि सत्ता मिळवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूर अधिवेशनात सांगितले की, जुनी योजना आणल्यास राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्या फेब्रुवारीत नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले उमेदवार हरले. त्या प्रचारात पेन्शन हा कळीचा मुद्दा होता. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्य कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला. अखेर केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शनचा पर्याय दिला: 25 वर्षे सेवा झालेल्यांना शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, पण अंशदान कायम.

दिवाळखोरीची भीती अतिशयोक्त वाटली, तरी त्यामागचा हिशेब खरा आहे. जुन्या योजनेत परतल्यास सरकारचे अंशदान लगेच वाचते. बोजा दोन दशकांनी, दुसऱ्याच सरकारच्या काळात येतो. म्हणूनच हे आश्वासन देणे पक्षांना सोपे जाते.

तो बोजा उचलणाऱ्या करदात्यांत खासगी नोकरीतला मध्यमवर्गही असतो आणि त्याची अवस्था फारच दुबळी आहे. भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या पेन्शन योजनेत 2014 मध्ये वेतनमर्यादा 15,000 रुपये ठरली. त्या हिशेबाने 35 वर्षे नोकरी करूनही महिन्याला सुमारे 7,500 रुपयेच हाती येतात, तेही महागाई भत्त्याविना. किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली, तीही त्याच वर्षी. बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत या निवृत्तांनी ती वाढवून मागितली आहे. मात्र ते गावोगावच्या कारखान्यांत, गिरण्यांत, महामंडळांत विखुरलेले. शिक्षकांसारखा स्वतंत्र मतदारसंघ त्यांच्याकडे नाही.