ओंडक्यांच्या भिंतीतील फटी
उत्तर रशियातील खेड्यांत पाइन वृक्षाचे ओंडके आडवे, एकावर एक रचून 'इझ्बा' नावाचे घर बांधीत. शून्याखाली 30 अंशांच्या थंडीत दोन ओंडक्यांमधील बारीकशी फटही घरातील ऊब हिरावून नेई. तरीही ती फट चुन्याने कायमची लिंपणे हिताचे नसे. ओले लाकूड वाळताना लांबीत फारसे घटत नाही, परंतु जाडीत आक्रसते. त्यामुळे 3 मीटर उंचीची भिंत 10 ते 15 सेंटिमीटरही खाली बसते. अशा भिंतीवरील कडक लेपाला तडे जातात आणि त्यांतून शिरलेले पाणी लाकूड कुजविते. म्हणून वरच्या ओंडक्याच्या खालच्या अंगास पन्हळ कोरून तीत वाळलेले शेवाळ किंवा अळशीच्या खोडाचे तंतू भरीत. हे भरण दबते, पण तडकत नाही. दारांच्या व खिडक्यांच्या चौकटींवर भिंत खाली बसण्यापुरती जागा मोकळी सोडून तीही तंतूंनी भरीत. पुढे वर्षभराने, भिंत बरीचशी बसल्यावर, सुटलेल्या फटी लाकडी पाचरीने पुन्हा ठाशीत. हे काम सर्वांत खालच्या थरापासून, घराभोवती एकेक फेरी पुरी करीत चाले. कारण एकच भिंत आधी ठासली, तर ती उचलली जाऊन घर कलण्याचा धोका असे.