रुग्णवाहिका येईपर्यंत

हृदय अचानक बंद पडलेला माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वासही घेत नाही. अधूनमधून लागणारा आचका म्हणजे श्वास नव्हे. इथेच अनेकांची फसगत होते आणि मोलाची मिनिटं जातात. एकाने १०८ला फोन लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाब द्यावा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलावा. सीपीआर (म्हणजे छातीवर असा दाब देणं) आणि हृदयाला विजेचा झटका, दोन्ही न मिळाल्यास जगण्याची शक्यता मिनिटागणिक ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून सोसायटीचे वॉचमन आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते यांना हे आधी शिकवा. झटका द्यायचा की नाही, हे झटका देणारं एईडी यंत्र स्वतःच ठरवतं; फक्त ते कुलपात ठेवू नका.