उशीखालची पोळी

आमची मुलगी घरी आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. पुण्याच्या एका संस्थेतून तिला घेऊन आम्ही न्यू जर्सीला परतलो, त्याला आता दहा वर्षं झाली. (तिला विचारूनच हे लिहीत आहोत.) पहिल्याच आठवड्यात चादर बदलताना उशीखाली अर्धी पोळी सापडली. मग सोफ्याच्या फटीत बिस्किटं, खेळण्यांच्या पेटीत वाळलेला भात. आधी गंमत वाटली, मग मुंग्यांची काळजी. आम्ही दोघंही इंजिनिअर. अडचण दिसली की उपाय काढायचा, ही सवय. उपाय काढला : खाऊच्या कपाटाला कुलूप! त्या रात्री ती थांबेचना, उलटी होईपर्यंत जेवत राहिली.

मुलांच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा आमचे डोळे उघडले. ज्या मुलाने उपास काढले आहेत त्याला आजचं ताट दिसतं, उद्याच्या ताटाचा भरवसा नसतो. ते लपवून ठेवणं म्हणजे चोरी नव्हे. कुलूप काढा, जेवणाच्या वेळा पाळा, आणि तिच्या हाताला येईल असा एक डबा कायम भरलेला ठेवा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही निळ्या झाकणाचा डबा ठेवला. केळं, चुरमुरे, राजगिऱ्याची वडी. रोज रात्री तिच्यादेखत भरायचा. "उद्या पण?" ती विचारायची. "हो, उद्या पण." असे आठ महिने गेले. एक दिवस पाहतो तर डब्यात रंगीत खडू!

ओळखीची मंडळी म्हणतात, "केवढं पुण्याचं काम केलंत!" आम्हाला संकोच वाटतो. आई-बाबा व्हायची हौस आमची, त्यात उपकार कसला? आणि एक मूल घरी आणल्याने भुकेचा प्रश्न सुटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. अमेरिकेतही २०२३ साली साडेतेरा टक्के कुटुंबांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती, असं इथल्या शेतकी खात्याची पाहणी सांगते.

निळ्या डब्याने आम्हाला शिकवलं ते एवढंच, की भुकेल्याला एका मेजवानीपेक्षा रोजची खात्री हवी असते. अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा कायदा १९४६ साली झाला. भारतात मध्यान्ह भोजन योजना देशभर १९९५ मध्ये आली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न मिळू लागलं. पण शनिवार-रविवारी शाळा बंद, म्हणजे जेवणही बंद. म्हणून इथल्या अनेक गावांतल्या फूड बँका शुक्रवारी मुलांच्या दप्तरात दोन दिवसांचं खाणं देतात. आम्ही तिघं दर गुरुवारी संध्याकाळी अशा पिशव्या भरायला जातो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनेही गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अहवाल आला : तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते. मोठं इस्पितळ नव्हतं. दारात वेळेवर येणारं माणूस होतं.

आपण मंडळी दिवाळीला भरभरून देतो, ते चांगलंच आहे. पण जानेवारीतही मुलांना भूक लागते. तेव्हा वाचकहो, एक विनंती. वर्षातून एकदा पोतंभर देण्याऐवजी दर महिन्याला थोडं द्या, पण चुकवू नका. इथल्या फूड बँकेला द्या, नाहीतर तिकडच्या एखाद्या पारखलेल्या संस्थेला. आपल्याला न दिसणारं कुणीतरी पोर "उद्या पण?" असं विचारत असतं. त्याला "हो" म्हणता यायला हवं.