बॅटरी घरी बदलताना

तीन-चार वर्षं वापरलेला मोबाइल दुपारीच मान टाकू लागला, की घरात नव्या फोनची बोलणी सुरू होतात. बहुतेकदा पडदा, कॅमेरा, स्पीकर ठणठणीत असतात. थकलेली असते ती फक्त बॅटरी. ती मी घरीच बदलतो. मात्र बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली असेल, तर तो उघडत नाही, सरळ कारागिराकडे नेतो. फुगलेल्या बॅटरीत वायू साठलेला असतो आणि ती फाटली तर पेट घेऊ शकते.

नवी बॅटरी घेताना फोनचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाखाली दोन-तीन मॉडेलं निघतात, म्हणून सेटिंगमधला मॉडेल नंबर लिहून नेतो. बॅटरीवरची उत्पादनाची तारीखही बघतो, कारण लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते.

काम सुरू करण्याआधी चार्जिंग २५ टक्क्यांखाली उतरू देतो. भरलेल्या बॅटरीला इजा झाली तर आग जास्त भडकते. फोन बंद करायचा, सिमचा ट्रे काढायचा, पाठीच्या कडा हेअर ड्रायरने शेकायच्या. गोंद सैल झाला की प्लास्टिकची पातळ पिक कडेत जेमतेम सरकवायची. ती खोल गेली तर आतली केबलची पट्टी तुटू शकते.

स्क्रू निघतील तसे कागदावर फोनची आकृती काढून त्या-त्या जागी ठेवतो. ते दिसायला सारखे, पण लांबीला वेगळे असतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो थेट बोर्डात घुसतो. स्क्रूंनी बसवलेला आतला पत्रा निघाला की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, तोही प्लास्टिकच्या ओपनरने.

खरी परीक्षा पुढे असते. बॅटरी तळाला गोंदाने घट्ट चिकटवलेली असते. तिच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून काही मिनिटं थांबावं लागतं. धातूचं पातं लावायचं नाही, बॅटरी वाकवायची नाही. गोंद सुटला की ती अलगद वर येते.

नवी जोडल्यावर पाठ चिकटवण्याआधी फोन सुरू करून चार्जिंग, कॅमेरा, स्पीकर तपासतो. मगच गोंद लावून रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवतो. पाण्यापासूनचं मूळ संरक्षण आता गेलं असं धरूनच तो पुढे वापरायचा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यायची.

एके काळी हीच बॅटरी झाकण नखाने उचकटून काढता येत असे. आज सगळा वेळ गोंदाशी झगडण्यात जातो. युरोपीय संघाने २०२३मध्ये केलेल्या नियमांनुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. आपल्याकडेही असा कायदा हवा. तोवर नवा फोन घेण्याआधी एवढं जरूर विचारा: याची बॅटरी बदलता येते का, आणि सुटी मिळते का?