गर्भाचे पहिले अठ्ठावीस दिवस

पाळी चुकली की गर्भधारणेची शंका येते, मग तपासणी होते आणि त्यानंतर आहार-औषधांची काळजी सुरू होते. परंतु तोपर्यंत गर्भाच्या जडणघडणीतील एक नाजूक टप्पा बहुधा उलटून गेलेला असतो. तो कोणता, हे प्रत्येक दांपत्याने जाणून घ्यायला हवे.

शुक्राणू आणि बीजांड यांचे मीलन बीजवाहिनीत होते. आईकडून २३ व वडिलांकडून २३ अशी ४६ गुणसूत्रे असलेली ही फलित पेशी जेमतेम एक दशांश मिलिमीटर व्यासाची असते. साधारण एका दिवसानंतर तिचे विभाजन सुरू होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढतात. मात्र हे सारे बीजांडाच्या मूळ आवरणातच घडत असल्याने एकूण आकार वाढत नाही. चौथ्या दिवसाच्या सुमारास तुतीच्या फळासारखा दिसणारा हा पेशींचा गोळा गर्भाशयात पोहोचतो. पाचव्या दिवशी त्यात द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि पेशींची कामे वाटली जातात. बाहेरच्या पेशींपासून वारेचा मुख्य भाग, तर आतल्या पुंजक्यापासून गर्भ घडतो. सहाव्या-सातव्या दिवशी आवरणातून बाहेर पडून हा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो.

तिसऱ्या आठवड्यात या पुंजक्याचे तीन थर होतात. बाह्यस्तरापासून त्वचा व चेतासंस्था, मध्यस्तरापासून हृदय, रक्त, स्नायू व हाडे, तर अंतःस्तरापासून पचनमार्ग व फुप्फुसे यांचे अस्तर आणि यकृत निर्माण होते. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय स्पंदू लागते. त्याच सुमारास बाह्यस्तराच्या मधल्या पट्टीच्या कडा उचलल्या जाऊन एकमेकींना जुळतात व नळी तयार होते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनते.

या नळीची दोन्ही टोके अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद व्हावी लागतात. वरचे टोक उघडे राहिल्यास मेंदू व कवटीची वाढ खुंटते आणि असे मूल जगू शकत नाही. खालचे उघडे राहिल्यास पाठीचा कणा दुभंगलेला राहतो. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवडे!

पूर्वी असे मूल झालेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिल्यास हा दोष सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे १९९१ साली ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत आढळले. म्हणूनच अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असे सांगितले जाते. पूर्वी असे मूल झाले असल्यास किंवा अपस्माराची औषधे चालू असल्यास अधिक मात्रा लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. पालेभाज्या व डाळींतूनही हे जीवनसत्त्व मिळते, परंतु केवळ त्यांवर विसंबू नये.

स्वस्तातली ही गोळी पाळी चुकण्याची वाट न पाहता, गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू झाली, तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो.