पौलाच्या पत्रातली साक्षीदारांची यादी

इ.स. 54च्या सुमारास इफिसमध्ये राहणाऱ्या पौल या ख्रिस्ती प्रचारकाने समुद्रापलीकडच्या करिंथमधल्या ख्रिस्ती मंडळीला एक लांबलचक पत्र धाडलं. पत्रात भांडणंच फार. कोण कोणाच्या गटातला, कोणी कोणाला कोर्टात खेचलं, मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं की नाही. आणि मग पंधराव्या अध्यायात एक यादी येते. येशू मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला. मग तो केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त बांधवांना, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना. सगळ्यात शेवटी खुद्द पौलाला. पाचशे जणांबद्दल तो जाता जाता सांगतो की त्यातले काही वारले, पण बरेचसे अजून हयात आहेत. ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं, असाच त्याचा रोख दिसतो.

मेलेली माणसं उठतील असं ख्रिस्ती लोक का मानतात, याचं उत्तर आपण सहसा तत्त्वज्ञानात शोधायला जातो. आत्मा अमर आहे, देह नश्वर आहे, वगैरे. पण तो युक्तिवाद ग्रीकांचा, आणि पौलाची अडचण नेमकी तीच होती. करिंथ हे ग्रीक वळणाचं शहर. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, असं मानणाऱ्यांच्या जगात मेल्यावर पुन्हा देह मिळणार ही काही खूशखबर नव्हे. मंडळीतले काहीजण उघड म्हणू लागले होते की मेलेले उठत नाहीत. त्यावर पौलाने साक्षीदार उभे केले.

ही यादी पत्राहूनही जुनी आहे. मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, असं पौल स्वतः सांगतो, आणि मजकुराला पाठांतराचा ठेका आहे. पौलाने तो पत्र लिहिताना रचलेला नाही, यावर श्रद्धाळू आणि संशयवादी अभ्यासकांचं बरंचसं एकमत आहे. त्याला तो कुठे मिळाला असेल? गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की ख्रिस्ताकडे वळल्यानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीत नावानिशी आलेले हेच ते दोघे! येशूला क्रुसावर दिलं ते बहुधा इ.स. 30 किंवा 33मध्ये. म्हणजे ही साक्ष घटनेनंतरच्या मोजक्या वर्षांत तोंडपाठ झालेली असू शकते. प्राचीन इतिहासात इतक्या जवळची गोष्ट क्वचितच हाती लागते.

दावा नेमका काय होता, हे आपल्याकडच्या वाचकाने जरा थांबून पाहावं. हा पुनर्जन्म नव्हे आणि मोक्षही नव्हे. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजरासारखं परत येऊन पुढे केव्हातरी पुन्हा मरणंही नव्हे. तोच देह, पण बदललेला, ज्याला आता मरण नाही. ही कल्पना यहूद्यांची, आणि तिचं मूळ न्यायाच्या प्रश्नात आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक आई आणि तिचे सात मुलगे छळ सोसून मरतात. त्यातला एक मुलगा हात पुढे करतो आणि देवाकडून हे परत मिळतील अशी आशा बोलून दाखवतो. देवासाठी जे मेले त्यांना देव मातीतच ठेवील का? परूशी पंथाचे यहूदी म्हणत, नाही. सदूकी पंथाचे लोक ही सगळी कल्पनाच उडवून लावत.

पण मानणाऱ्यांच्याही डोळ्यांपुढे होता तो जगाचा शेवट. सगळे एकदम उठणार. एकटाच माणूस, इतिहासाच्या मधोमध, आणि बाकीचं जग आपलं चाललंय तसंच, अशी अपेक्षा कोणी धरल्याचं दिसत नाही. त्यात तो माणूस क्रुसावर मेलेला, आणि नियमशास्त्राप्रमाणे झाडाला टांगलेला म्हणजे शापित. पुढे इ.स. 135मध्ये रोमविरुद्धच्या यहूदी बंडाचा पुढारी बार कोखबा मारला गेला. त्यालाही मसीहा मानणारे होते, पण तो उठला असं कोणी म्हटलं नाही. पुढारी मेला की चळवळ संपायची किंवा नवा पुढारी शोधायची.

चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी सगळ्यात आधी पोचतात त्या बायका. स्त्रियांची साक्ष धरू नये, असं पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसिफस लिहितो. दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या ख्रिस्तविरोधी लेखकाने तर एका भ्रमिष्ट बाईचं बोलणं म्हणून याची टिंगलच केली. गोष्ट रचायचीच होती तर पेत्राला पुढे पाठवता आलं असतं. पौलाच्या यादीत या बायका नाहीत, हेही खरं.

क्रुसावर मारलेल्यांना रोमन लोक पुरू तरी देत का, ही शंका रास्त आहे. प्रेतं बहुधा गिधाडांसाठी सोडून दिली जात. पण 1968मध्ये यरुशलेमच्या ईशान्येला एका कबरीत दगडी अस्थिपेटी सापडली. वर येहोहानान हे नाव कोरलेलं, आणि आत टाचेचं हाड, ज्यात सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा तसाच रुतलेला. त्याचं टोक वाकलं होतं, म्हणून बहुधा तो उपसता आला नसावा. मांस गळून गेल्यावर अस्थी गोळा करून पेटीत ठेवायची तिथली रीत होती. म्हणजे क्रुसावर मेलेल्या निदान एका माणसाला तरी रीतसर कबर मिळाली होती.

संशयाला जागा आहेच. रिकाम्या कबरीचा उल्लेख पौल थेट करत नाही. येशू कुठे दिसला, यरुशलेमात की गालीलात, यावर शुभवर्तमानं जुळत नाहीत. गेलेलं माणूस दिसल्याचं सांगणारे शोकाकुल लोक आजही भेटतात, आणि पेत्राच्या बाबतीत तसंच झालं, असं गेर्ड लूडेमान या जर्मन अभ्यासकाचं म्हणणं. पेत्रापुरतं ते मला पटू शकतं. पण याकोब? शुभवर्तमानांनुसार येशूच्या हयातीत त्याचे भाऊ त्याला मानत नव्हते. आणि पौल तर ख्रिस्ताकडे वळण्याआधी येशूच्या अनुयायांना पकडत फिरत होता. त्याला कसला शोक?

पौलाच्या लेखी मात्र येशूचं उठणं हा सुटा चमत्कार नव्हता. ते पिकातलं पहिलं फळ, बाकीचं पीक मागून येणारच. म्हणून तो उलटंही बजावतो की मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठला नाही, आणि मग आमचा सगळा प्रचार फुकट.

पण येशू उठला हे मानलं तरी त्याला मसीहा मानण्याचं शेवटचं पाऊल सगळे टाकतात असं नाही. पिंखास लापिदे हे सनातनी यहूदी अभ्यासक. घाबरून पळालेले शिष्य काही दिवसांत इतके निधडे कसे झाले, हा प्रश्न त्यांना सोडेना. 1977मध्ये त्यांनी जर्मन भाषेत आख्खं पुस्तक लिहून मान्य केलं की देवाने येशूला खरोखर उठवलं. इस्राएलचा देव इतर राष्ट्रांपर्यंत पोचला तो याच वाटेने, असं त्यांचं म्हणणं. येशूला मसीहा मात्र त्यांनी मानलं नाही, आणि ते यहूदीच राहिले.