बुडण्यासाठी बांधलेले जहाज

तंजावरच्या बाजारात मातीच्या राजाराणीची एक जोडी विकावयास असते. या बाहुल्यांचा तळ गोल आणि जड, तर वरचा भाग हलका असतो. बोटाने कलंडवली तर बाहुली आडवी होते, क्षणभर डोलते आणि पुन्हा ताठ उभी राहते. त्याच नगरातील काही कारागीर भेंडाच्या पांढऱ्याशुभ्र गाभ्यातून बृहदीश्वर मंदिराच्या प्रतिकृती कोरतात. तमिळ भाषेत या भेंडाला नेट्टी म्हणतात. महाराष्ट्रात त्याची बाशिंगे करतात. या दोन कलांतील तत्त्वे, एक तोलाचे आणि दुसरे हलकेपणाचे, ज्याला नीट उमगली, त्याने एका आधुनिक खेळाचा अर्धा अभ्यास केला असे म्हणावयास हरकत नाही. तो खेळ म्हणजे बिनतारी संदेशांनी चालणाऱ्या छोट्या युद्धनौकांची झुंज.

दूर देशीच्या युद्धाची आठवण आपल्या दारी उभी करण्याची हौस तंजावरला नवी नाही. भोसले कुळातील दुसरे सरफोजीराजे यांनी नेपोलियन बोनापार्टच्या पराभवाचे स्मारक म्हणून १८१४ च्या सुमारास समुद्रकिनारी एक उंच षट्कोनी मनोरा बांधला. तंजावरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, पाल्कच्या उपसागराकाठी, तो आजही उभा आहे आणि त्याचे नावच 'मनोरा' असे पडले आहे. राजाने दगडात केले ते हौशी कारागीर लाकडात करतो. फरक इतकाच की, त्याचे स्मारक तळ्यात उतरते, लढते आणि पुष्कळदा बुडते.

बिनतारी लहरींनी नौका चालवून दाखविण्याचा पहिला मान निकोला टेस्लाकडे जातो. १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याने अशी छोटी नौका लोकांपुढे पाण्यात चालविली. झुंजीचा खेळ मात्र त्याच्या पुष्कळ नंतरचा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो अमेरिकेत रुजला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतच्या खऱ्या युद्धनौकांच्या प्रतिकृती त्यात उतरतात. सर्वांचे प्रमाण सामान्यतः १४४ भागांस एक भाग असे असते. प्रत्येक नौकेवर दाबलेल्या वायूने छोटे गोल छर्रे फेकणाऱ्या तोफा असतात आणि आत शिरलेले पाणी बाहेर टाकणारा एक पंप असतो. प्रतिपक्षाच्या नौकेला छिद्रे पाडावयाची. पाण्याच्या रेषेखालच्या छिद्राला सर्वांत अधिक गुण.

या खेळाचा मूळ नियम ऐकणाऱ्यास विचित्र वाटेल. येथे नौकेचे अंग मजबूत करावयाचे नाही. सांगाडा आणि फासळ्या पक्क्या असाव्यात. पण त्यांवरील त्वचा सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीच्या बाल्सा लाकडाचीच हवी. हे लाकूड भेंडाच्या जातीचे नव्हे, परंतु हलकेपणात त्याचा भाऊच शोभेल. छर्रा ते सहज भेदतो. सर्वांची त्वचा सारखीच दुबळी असल्यामुळे विजय पैशाने किंवा चिलखताने मिळत नाही. तो हालचालीने आणि पूर्वतयारीने मिळवावा लागतो. काय फुटू द्यावयाचे आणि काय मुळीच फुटू द्यावयाचे नाही, हा विवेक म्हणजेच या छंदाचे सार होय.

नवशिक्याची पहिली चूक नौका निवडताना होते. आपल्या नौदलातील 'दिल्ली' या क्रूझरचे उदाहरण घ्यावे. 'अकिलीस' या नावाने १३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखाजवळ 'ग्राफ श्पे' या जर्मन नौकेशी ती लढली, १९४८ मध्ये भारताकडे आली आणि १९७८ पर्यंत सेवेत राहिली. तिची लांबी सुमारे १६९ मीटर. म्हणजे प्रतिकृती सुमारे ११७ सेंटिमीटर भरते. एवढी लांब नौका पाहून वाटते की, हिच्यात काय वाटेल ते मावेल. पण लांबी १४४ पटींनी घटते तेव्हा वजन १४४ च्या घनाने, म्हणजे जवळजवळ ३० लाख पटींनी घटते. सात हजार टनांच्या या नौकेच्या प्रतिकृतीचे वजन अडीच किलोच्या आतबाहेर राहिले पाहिजे. त्यात मोटार, विद्युत्घट, पंप, तोफा, वायूचे नळकांडे हे सारे बसविणे कसलेल्या हातांचे काम आहे. उलट सुमारे ५० हजार टनांच्या 'बिस्मार्क'ची प्रतिकृती १७ किलोंची होते. तिच्यात जागा मुबलक. परंतु तिला तळ्यापर्यंत वाहून नेणारी माणसे दोन लागतात.

म्हणून आरंभ मालवाहू जहाजाने करणे शहाणपणाचे. या खेळात मोहिमेचाही एक प्रकार आहे. त्यात निःशस्त्र मालवाहू जहाजे एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे जातात, एका पक्षाच्या युद्धनौका त्यांचे रक्षण करतात आणि दुसऱ्याच्या त्यांची शिकार करतात. सुखरूप पोचलेल्या फेरीला गुण मिळतात. महायुद्धातील 'लिबर्टी' जहाजाची प्रतिकृती सुमारे ९४ सेंटिमीटर लांब होते. तिला तोफा नाहीत, वेग बेताचा, पोट मोठे. ती चालवताना नवशिक्या सुकाणू, पंप आणि पाण्याचा स्वभाव शिकतो. आणि मार खाऊन शांत कसे राहावे, हेही शिकतो.

पाण्याचा स्वभाव म्हणजे काय, ते तंजावरची बाहुली सांगते. तिच्या तळातील वजन घट्ट बसलेले असते म्हणून ती उठते. तेच वजन आत इकडून तिकडे वाहू लागले, तर कलंडलेली बाहुली कलंडलेलीच राहील. छिद्रांतून आलेले पाणी नेमके हेच करते. नौका डावीकडे झुकली की पाणी डावीकडे धावते आणि तिला आणखी झुकवते. पुष्कळ नौका पाण्याच्या भाराने बुडण्यापूर्वी या धावत्या पाण्यानेच उलटतात. यावर उपाय असा की, विद्युत्घटासारख्या जड वस्तू कण्यालगत खाली बसवाव्यात आणि तळाच्या दोन्ही बाजू हलक्या, जलरोधक ठोकळ्यांनी भरून मध्ये केवळ एक अरुंद पन्हळ ठेवावी. मग पाणी त्या पन्हळीतूनच पंपाकडे जाते. संदेशग्राहक यंत्र बंद डबीत आणि त्याची तार पाण्याच्या वर असावी, कारण आजच्या उच्च कंपनाच्या लहरी पाण्यात शिरताच विरून जातात. नौका बुडाल्यावर सुटून वर येणारा दोरी बांधलेला तरंगक बसविणे अगत्याचे. त्याच्या आधारे ती पुन्हा काढता येते.

तंजावर जिल्ह्यात कावेरीच्या कालव्यांमुळे पाण्याची वाण नाही. परंतु वाहते पाणी या खेळाला निरुपयोगी, कारण बुडालेली नौका ते वाहून नेते. कमरेइतके खोल, संथ आणि मालकाच्या संमतीने मिळालेले तळे हवे. मंदिराचे किंवा सार्वजनिक वापराचे तळे मुळीच नको. छर्रा बाल्सा भेदतो तसा डोळाही भेदतो. म्हणून खेळाडूंनी आणि काठावरच्या प्रत्येक प्रेक्षकाने संरक्षक चष्मा घातलाच पाहिजे. तोफा बसविण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करून घ्यावी.

अनुभवी खेळाडूंचे म्हणणे असे की, नौकांची नासधूस तळ्यात होते त्याहून अधिक वाटेत होते. भेंडाचे मंदिर काचेच्या पेटीत बसवून देण्याची तंजावरी रीत येथे अनुकरणीय आहे. नौकेच्या तळाच्या आकाराची मऊ बैठक असलेली लाकडी पेटी करावी, आणि नौका तिच्या मनोऱ्यांना किंवा तोफांना धरून कधीही उचलू नये. दोन्ही हात तळाखाली असावेत. निघण्यापूर्वी आतील पाणी पुरते निथळावे, तोफा रिकाम्या करून अडकवून ठेवाव्यात, विद्युत्घट काढून त्यांची टोके झाकावीत. वायूचे भरलेले नळकांडे आगगाडीने किंवा विमानाने नेऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत नौका ठेवल्यास पातळ लाकूड वाकते, हे तंजावरच्या उन्हाळ्यात विशेष लक्षात ठेवावे. घरी आल्यावर पेटी बंद ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. झाकण उघडून नौका सावलीत वाळू द्यावी.

ज्यांना झुंज नको, त्यांच्यासाठीही वाट मोकळी आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत नौकाप्रतिकृतींच्या स्पर्धा होतात आणि त्यांत यंत्राने चालणाऱ्या नौकाही असतात. तेथे शिकलेला विद्यार्थी पुढे झुंजीकडे वळला, तर त्याला आणखी एकच गोष्ट शिकावी लागते: महिनोन्महिने खपून बांधलेली वस्तू डोळ्यांदेखत बुडताना पाहणे. संध्याकाळी ती दोरीने वर निघते, छिद्रे मोजली जातात, त्यांवर पातळ लाकडाची ठिगळे बसतात. सांगाडा धड आहे, यंत्र कोरडे आहे आणि कोणाच्या डोळ्याला इजा झालेली नाही, एवढे पाहिले की पराभूत खेळाडू दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरतो. तळ नीट भरलेला असला म्हणजे कलंडणे हा शेवट ठरत नाही, हे तंजावरच्या राजाराणीने फार पूर्वीच दाखवून ठेवले आहे.